अडथळ्यांची शर्यत आणि पडणाऱ्यांचा मान

दूरचित्रवाणीवरील चुरशीच्या खेळांकडे आपल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी सहसा संशयाने पाहतात. दिवसभर दुकान सांभाळून आलेल्या माणसाने रात्री हिशेबाची वही पाहावी, फार तर बातम्या ऐकाव्यात, अशी आपली जुनी शिस्त. मी मात्र बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यापासून एका विशिष्ट प्रकारच्या स्पर्धेचा चाहता झालो आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले की आमच्या मसोलीत संध्याकाळ फार लांब वाटते. त्या वेळेत मी अडथळ्यांच्या शर्यती पाहतो. कोणी भिंत चढतो, कोणी दोरीला लोंबकळतो, कोणी कुंपण ओलांडून पाण्यात उतरतो, आणि बहुतेक जण कुठे ना कुठे पडतात. या पडणाऱ्यांविषयी आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या आपल्याविषयी काही विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे हा प्रकार प्रथम लोकप्रिय झाला तो विनोदाच्या अंगाने. ‘ताकेशीज कॅसल’ हा १९८६ ते १९९० या काळातील जपानी कार्यक्रम पुढे पोगो वाहिनीवर जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह आला आणि घराघरांतील मुलांनी तो डोक्यावर घेतला. शेकडो माणसे एका नकली किल्ल्यावर चाल करून जात आणि चिखलात, पाण्यात आपटत. २०११ मध्ये इमॅजिन वाहिनीवर शाहरुख खान यांनी ‘झोर का झटका’ सादर केला. त्यात आपल्याकडील नामवंत मंडळी परदेशात उभारलेल्या अडथळ्यांवरून घसरत. दोन्ही कार्यक्रमांत पाहणाऱ्याला हसू यावे हीच अपेक्षा होती. लाल फुगीर गोळ्यावरून माणूस उडाला की आपण हसायचे, आणि तो कोण होता हे विसरून पुढच्याची वाट पाहायची. निरुपद्रवी करमणूक म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. परंतु या सर्व खेळात पडणाऱ्याची किंमत त्याच्या पडण्याएवढीच होती, हेही खरे.

त्याच जपानमध्ये १९९७ साली ‘सासुके’ नावाची स्पर्धा सुरू झाली. पुढे अनेक देशांत ती ‘निंजा वॉरिअर’ या नावाने पोहोचली. तिची रचना व्यापारी मनाला सहज समजेल अशी आहे. सामान्यतः शंभर स्पर्धक, चार टप्पे आणि प्रत्येक टप्प्यात वाढती कठीणता. पहिल्या टप्प्यात घड्याळ चालू असते. आतल्या बाजूने वळलेली उंच भिंत धावत येऊन चढायची असते. तिसऱ्या टप्प्यात पायांना आधारच नसतो. बोटांच्या पेरांवर सारे शरीर तोलून अरुंद कडांवरून पुढे सरकायचे असते. अखेरीस ठरावीक सेकंदांत दोर चढून मनोऱ्याच्या माथ्यावर जायचे. कोठेही पाय पाण्याला लागला की स्पर्धक बाद होतो आणि पुढच्या संधीसाठी त्याला पुढील स्पर्धेपर्यंत थांबावे लागते. १९९७ ते २०२२ या पंचवीस वर्षांत चाळीस स्पर्धा झाल्या आणि चारही टप्पे पूर्ण करणारी माणसे निघाली अवघी चार.

या चौघांचे व्यवसाय पाहावेत. १९९९ मध्ये प्रथम यशस्वी झालेले काझुहिको अकियामा हे पूर्वी खेकडे पकडणाऱ्या बोटीवर काम करीत आणि त्यांची दृष्टी अधू होती. २००६ मध्ये जिंकलेले माकोतो नागानो हे मासेमारी बोटीचे कप्तान. त्यापूर्वी अंतिम टप्प्यात दोर चढताना वेळ संपल्यामुळे त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले होते. २०१० आणि २०११ असे दोनदा यशस्वी झालेले युजी उरुशिहारा पादत्राणांच्या दुकानात विक्रेते होते. २०१५ आणि २०२० मध्ये शिखर गाठणारे युसुके मोरिमोतो हे लहानपणी दूरचित्रवाणीसमोर बसून हीच स्पर्धा पाहत मोठे झाले. म्हणजे ज्यांना आपण गल्ल्यावर, पेढीवर, बंदरावर रोज भेटतो, तशीच ही माणसे. बँकेच्या खिडकीमागे छत्तीस वर्षे बसल्यामुळे असेल, पण मला या स्पर्धकांत आपले खातेदारच दिसतात.

माझे सर्वांत आवडते स्पर्धक मात्र या चौघांत नाहीत. शिंगो यामामोतो हे पेट्रोलपंपावर काम करणारे गृहस्थ पहिल्या स्पर्धेपासून वर्षानुवर्षे न चुकता उतरत आले. वय वाढले, खांदे दुखावले, पहिल्याच टप्प्यात पाण्यात जाणे वारंवार घडू लागले, तरी नाव पुकारले की ते सुरुवातीच्या चौथऱ्यावर उभे असतात. कात्सुमी यामादा यांनी अनेकदा निवृत्ती जाहीर केली आणि अनेकदा परत आले. यश त्यांना कधीच मिळाले नाही, तथापि त्या स्पर्धेचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय सांगता येत नाही. प्रेक्षक त्यांना हसत नाहीत. ते पाण्यात पडले की मैदानावर क्षणभर शांतता पसरते आणि मग टाळ्या वाजतात. ‘ताकेशी’ आणि ‘सासुके’ यांच्यातील खरा फरक मला या शांततेत सापडला. पडणे दोन्हीकडे सारखेच असते, परंतु दुसऱ्या ठिकाणी पडणारा माणूस कोण, तो येथवर कसा आला, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते.

वाचक म्हणतील, हे सारे जपानचे झाले, आपल्या महाराष्ट्राचे काय? आपल्याकडेही अडथळ्यांची एक थोर शर्यत आहे आणि तिचे दोन थोर स्पर्धक आपल्याच मातीतले आहेत. ३००० मीटर स्टीपलचेस ही ती शर्यत. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत धावण्याच्या प्रथेतून ती ब्रिटन-आयर्लंडकडे जन्मली. आज मैदानावर तिच्यात २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याचे अडथळे, असे एकूण ३५ अडथळे असतात. पुरुषांसाठी त्यांची उंची ९१.४ सेंटिमीटर, तर महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर. शंभर मीटरच्या अडथळा शर्यतीतील हर्डल पाय लागताच कोलमडतो. स्टीपलचेसचा जाड लाकडी ओंडका हलत नाही. त्याला धडक बसली तर पडतो तो धावपटूच. त्यातून शर्यत पुढे सरकेल तसे बूट भिजून जड होतात.

या शर्यतीत ललिता बाबर यांनी महाराष्ट्राचे नाव प्रथम जगापुढे नेले. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही हे त्यांचे गाव. माण म्हणजे कायम दुष्काळाची छाया असलेला भाग. लहानपणी त्या खो-खो खेळत. पुढे लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्या आणि मग स्टीपलचेस स्वीकारली. २०१५ मध्ये त्यांनी आशियाई अजिंक्यपद पटकावले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी जे साधले होते, त्यानंतर धावमार्गावरील ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ती अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली आणि त्या दहाव्या आल्या. दहावा क्रमांक म्हटला की आपल्याकडे ‘पदक नाही ना?’ असा प्रश्न येतो. जगातील उत्तमोत्तम महिलांत दहावी येणारी, दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याची कन्या ही किती मोठी जमा आहे, हे त्या प्रश्नात कुठेच दिसत नाही.

दुसरे नाव अविनाश साबळे यांचे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव, जन्म १९९४ चा. घरची गरिबी, शाळा सुमारे सहा किलोमीटरवर आणि जाण्यायेण्यास वाहन नाही, म्हणून पायीच आणि बहुधा धावत जाणे. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले. महार रेजिमेंटचा जवान म्हणून त्यांनी सियाचेनची थंडी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर अनुभवले. सैन्यातच २०१५ पासून ते क्रॉस कंट्री शर्यतींत उतरू लागले आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळविले. वयाच्या तेविशीच्या सुमारास, जेव्हा अनेक खेळाडूंची अर्धी कारकीर्द झालेली असते, तेव्हा यांचा पहिला अडथळा ओलांडून झाला.

पुढील हिशेब मला विशेष प्रिय आहे. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये केलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी ८:२९.८० अशी वेळ देऊन तो मोडला. त्यानंतर त्यांनी स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा सुधारला. दोहा येथे ८:२१.३७, टोकियोत ८:१८.१२, रबातमध्ये ८:१२.४८, बर्मिंगहॅममध्ये ८:११.२० आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत राष्ट्रीय विक्रम दहा वेळा बदलला. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत एकूण सुधारणा १९.८९ सेकंदांची, म्हणजे प्रत्येक पायरीला सरासरी सुमारे सव्वादोन सेकंद. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चक्रवाढ व्याज शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. एका वर्षी पाहिले तर सव्वादोन सेकंद काहीच नाहीत. खतावणीत सहा वर्षांच्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या की त्यांचे वजन कळते.

या नोंदींत नावेची बाजूही आहे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत पुढच्या धावपटूंच्या अडखळण्यामुळे साबळे यांची गती दोनदा तुटली. तरीही त्या धावेत राष्ट्रीय विक्रम झाला, मात्र पात्रता हुकली. भारतीय पथकाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि ते अंतिम फेरीत धावले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत न पोहोचलेल्यांपैकी सर्वांत वेगवान धावपटू तेच होते. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, ऑगस्ट २०२२ मध्ये, केनियाच्या अब्राहम किबिवोट यांनी त्यांना केवळ ०.०५ सेकंदाने मागे टाकले. त्या रौप्यपदकाचे मोल असे, की १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरील पुरुषाला राष्ट्रकुल पदक प्रथमच मिळत होते. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. त्याआधी २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत मात्र ते प्राथमिक फेरीतच बाहेर पडले होते, हेही त्याच वर्षाच्या पानावर लिहिलेले आहे.

पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम शर्यत आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर झाली. स्टीपलचेसच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचलेले साबळे हे पहिले भारतीय पुरुष. ते अकरावे आले. त्याच शर्यतीत ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा विश्वविक्रम नावावर असलेले इथिओपियाचे लमेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला पाय लागून कोसळले आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. सुवर्ण मोरोक्कोच्या सूफियान अल बक्काली यांनी जिंकले. जगातील सर्वांत वेगवान माणसालाही तो ओंडका ओळखत नाही, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. पुढे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यापाशी साबळे स्वतः पडले, गुडघ्याला गंभीर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली.

आपल्या वाचकांना रुचेल अशी एक गोष्ट येथेच नोंदवितो. मॉडर्न पेंटॅथलॉन या ऑलिम्पिक खेळात पूर्वी घोडेस्वारी हा एक भाग होता. खेळाडूला अनोळखी घोडा दिला जाई. २०२१ च्या टोकियो स्पर्धेत घाबरलेला घोडा पुढे जाईना, तेव्हा एका प्रशिक्षिकेने त्याला ठोसा मारला. ते दृश्य जगभर दिसले आणि मोठा रोष उसळला. अखेर घोडेस्वारी वगळण्याचा निर्णय झाला आणि तिच्या जागी ‘निंजा’ धर्तीची अडथळ्यांची शर्यत घेण्यात आली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ती दिसेल. माणसाने स्वतःचे सामर्थ्य स्वतःच्याच अंगावर आजमावावे, मुक्या प्राण्याच्या पाठीवर नव्हे, असा हा बदल आहे. करमणूक म्हणून जन्मलेल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या हातून हे पुण्य घडले, याचा मला चाहता म्हणून आनंद वाटतो.

आता ज्या कारणाने हा लेख लिहिण्यास घेतला, त्याकडे वळतो. माझ्या धाकट्या भावाची कन्या सी.ए. इंटरमिजिएटचा अभ्यास करते. गेल्या परीक्षेत एका गटात प्रत्येक विषयात ती उत्तीर्ण होती, परंतु एकूण पन्नास टक्क्यांची अट थोड्या गुणांनी हुकली. दुसऱ्यांदा असे झाले. घरात कोणी रागावले नाही. फक्त नातेवाइकांच्या मंगलकार्याला तिला न्यावे की नाही, यावर हलक्या आवाजात चर्चा झाली, आणि ती तिने ऐकली. त्या दिवसांत ती संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसे. एकदा यामामोतो पहिल्याच टप्प्यात पाण्यात गेलेले पाहून तिने विचारले, “काका, हे इतक्यांदा पडले, तरी यांना पुन्हा बोलावतात कसे?”

मी तिला बँकेतील नियम सांगितला. कर्जाचा हप्ता अथवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की ते खाते अनुत्पादक ठरवावे लागते. त्यात अधिकाऱ्याची दयामाया चालत नाही. परंतु त्याच नियमांत पुढे असेही आहे, की खातेदाराने थकलेली संपूर्ण बाकी भरली की ते खाते पुन्हा नियमित वर्गात येते. रिझर्व्ह बँकेसारख्या कडक संस्थेने परतीचा रस्ता लेखी ठेवला आहे. माझ्या सेवाकाळात एका तालुक्याच्या गावी कापडाचे एक व्यापारी होते. उधारी बुडाल्यामुळे त्यांचे दुकान बसले. त्यांनी भाड्याचा गाळा घेऊन, सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून, सात वर्षांत बँकेची पै न पै फेडली. बँकेत त्यांचे खाते स्वच्छ झाले. समाजात मात्र पंगतीच्या यादीत त्यांचे नाव बरीच वर्षे मागेच राहिले. मुलीच्या स्थळाची बोलणी सुरू झाली की ‘ते दुकान बसलेले ना?’ असा प्रश्न समोरून हमखास येई. बँकेच्या नोंदीला विसरता आले, ते माणसांच्या नोंदीला विसरता आले नाही.

आपल्या व्यापारी घराण्यांचा मोठा गुण म्हणजे पत सांभाळणे. त्या गुणाची दुसरी बाजू अशी, की ज्याची पत एकदा ढळली त्याच्याकडे आपण कायमचे बोट दाखवितो. परीक्षेत मागे राहिलेली मुलगी, धंद्यात खोट आलेला भाऊ, मोडलेल्या सोयरिकीची कन्या, यांची नोंद आपण लाल शाईने करतो आणि ती बाकी कधीच पुढील पानावर शून्य होऊ देत नाही. मुले हे पाहतात. मग ती एकतर पडण्याची शक्यता असलेल्या वाटेवर पाऊलच टाकत नाहीत, किंवा पडली तर सांगत नाहीत. न सांगितलेली तूट किती वाढते, हे व्यापाऱ्याला मी काय सांगावे?

‘सासुके’ पाहणारे जपानी प्रेक्षक यामामोतो यांना पडल्यावर पुन्हा टाळ्या देतात, कारण ते मागील सर्व वर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. साबळे यांच्या बुडापेस्टच्या अपयशानंतर दोनच महिन्यांत हांगझोऊचे सुवर्ण आले. ते अपयश पाहून कोणी त्यांचे नाव संघातून खोडले असते तर त्या सुवर्णाची नोंद झाली नसती. आपल्या घरांत हा हिशेब जमावा, यासाठी खेळाडू होण्याची गरज नाही. परीक्षेचा निकाल विचारताना ‘पास झालीस का?’ याच्या आधी ‘या वेळी किती पुढे सरकलीस?’ असे विचारता येईल. खोट आलेल्या भावाला पुढच्या कार्याचे आमंत्रण सर्वांत आधी देता येईल. कोणी नवा धंदा काढला तर तो बसेल का याची भाकिते चहाबरोबर वाटणे थांबविता येईल.

आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ताडाच्या सरळ खोडावर भराभर चढणारी आदिवासी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. चिकूच्या वाड्यांत काम करणाऱ्या मुली डोक्यावर ओझे घेऊन ओढे सहज ओलांडतात. माणच्या आणि आष्टीच्या मुलांना जे साधले ते यांनाही साधू शकते, फक्त त्यांना पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पडण्यानंतरही मैदानावर ठेवणारा कोणीतरी हवा. आपल्यापैकी ज्यांची ऐपत आहे, त्यांनी एखाद्या आश्रमशाळेच्या मैदानासाठी, एखाद्या धावपटूच्या बुटांसाठी थोडी तरतूद केली, तर ती योग्य ठेव ठरेल.

पुतणीने पुन्हा अर्ज भरला आहे. परीक्षेला अजून अवकाश आहे, आणि पुढच्या महिन्यातील मंगलकार्याला ती आमच्याबरोबर येणार आहे, असे घरात ठरले आहे.